‘तुमचे विचार आमच्यात बसत नाहीत’ म्हणून तास काढून घेतले, आता काय?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या एका अनुदानित महाविद्यालयात सात वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवणाऱ्या प्राध्यापिका विचारतात. सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा झालेली, पीएच.डी. झालेली. संस्थेच्या एका व्याख्यानमालेला त्या गेल्या नाहीत आणि स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या एका मजकुराखाली त्यांनी ‘मला हे पटत नाही’ अशा अर्थाच्या दोन ओळी लिहिल्या. आठवड्याचे नऊ तास होते त्यांचे तीन झाले. नव्या वर्षाच्या मुलाखतीनंतर अठरा दिवसांपूर्वी लागलेल्या यादीत नावच नाही. प्राचार्य तोंडी म्हणाले, “मॅडम, तुम्ही हुशार आहात, पण तुमचे विचार आमच्यात बसत नाहीत.” हा भेदभाव आहे का आणि दाद कुठे मागायची? शिवाय हिंजवडीला आयटीत असलेल्या धाकट्या भावाचंही असंच काहीसं झालंय, त्याचं काय?

ताई,

तुमचे विचार कोणते, यावर तुमच्या पत्रात दीड पान मजकूर आहे. वरच्या सारांशातून मी तो मुद्दाम गाळला. तो कळला की वाचणारे निम्मे लोक तुमच्या बाजूला येतील, उरलेले निम्मे “बरं झालं, जिरली” म्हणतील, आणि कागद कुणीच बघणार नाही. मला कागदाबद्दल बोलायचंय.

सोलापुरातल्या चार पुतळ्यापासून पाच मिनिटांवर माझी कचेरी आहे. शिक्षकांचे आणि कामगारांचे नोकरीचे दावे चालवतो, सत्तावीस वर्षं झाली. ‘विचारांमुळे त्रास’ म्हणून आलेल्यांत लाल झेंड्याचे होते, शाखेत जाणारे होते, निळ्या झेंड्याचे होते, शुक्रवारच्या नमाजाला तासाभराची सवलत मागणारे होते, आणि सत्यनारायणाच्या पूजेला बसणार नाही म्हणणारा गणिताचा एक मास्तरही होता. संस्था बदलते, रंग बदलतो. टेबलावर येणारी ऑर्डर मात्र सगळ्यांची एकाच कार्बनखालून निघाल्यासारखी असते: “आपली सेवा दिनांक अमुकपासून संपुष्टात येत आहे.” कारणाचा एक शब्द नाही. तो का नसतो ते पुढे सांगतो.

आधी कडू भाग. आपल्या कायद्याला जात कळते, धर्म कळतो, लिंग कळतं. विचार कळत नाही. घटनेच्या कलम 15 मधली यादी बघा: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. सरकारी नोकरीच्या कलम 16 मध्ये कूळ आणि निवास यांची भर आहे. ‘मत’ दोन्हीकडे नाही. मत सापडतं कलम 19 मध्ये, अभिव्यक्तिस्वातंत्र्यात, पण ते प्रामुख्यानं सरकारविरुद्ध उगारायचं हत्यार. 2023 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं बहुमतानं म्हटलं की कलम 19 आणि 21 खाजगी व्यक्तींविरुद्धही लागू करता येतील. निकाल मोठा आहे. पण तो एखाद्या संस्थेच्या सचिवापुढे ठेवल्यावर कुणाचे तास परत आले, असं मी अजून पाहिलेलं नाही.

गंमत म्हणजे आपण शब्द दिलेला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1958 सालच्या 111 क्रमांकाच्या करारात नोकरीतल्या भेदभावाच्या कारणांत ‘राजकीय मत’ स्पष्ट लिहिलंय आणि भारतानं त्यावर 1960 मध्येच मान्यतेची मोहर उठवली. पुढे अपंगत्वासाठी 2016 चा कायदा आला, एचआयव्हीबाधितांसाठी 2017 चा, तृतीयपंथीयांसाठी 2019 चा. नव्या वेतन संहितेतही भेदभावाला मनाई आहे, ती लिंगापुरती. राजकीय मतासाठी असा कायदा झाला नाही. सगळ्याच पक्षांना ही पोकळी सोयीची असावी, असं माझं खाजगी मत.

म्हणून “माझ्या विचारांमुळे मला काढलं” या वाक्यानं अर्ज सुरू करू नका. पहिल्याच तारखेला समोरचा वकील चष्मा वर करून विचारेल, “कोणत्या कलमाखाली?”

आता तुमचा दुसरा प्रश्न, “सगळे एकाच सुरात का बोलायला लागले?” तुम्हाला वाटतं तो विचारधारेचा विजय आहे. मला तसं वाटत नाही. तुमच्याच पत्रात उत्तर आहे: स्टाफरूममधल्या सतरा जणांपैकी अकरा सीएचबीवर. ज्याची ऑर्डर एप्रिलअखेर संपते आणि जूनमध्ये परत मुलाखत द्यावी लागते, त्याला मत परवडत नाही. त्याचे विचार बदललेले नसतात, तो फक्त ग्रुपवर होकाराचा अंगठा टाकून मोकळा होतो. कायमच्या माणसाला काढायचं तर आरोपपत्र, चौकशी, बचावाची संधी, मग न्यायाधिकरण. तासिकावाल्याला काढायला काहीच करावं लागत नाही. परत न घेतलं की झालं. पंचवीस वर्षांपूर्वी याच शहरातल्या स्टाफरूममध्ये समाजवादी, संघवाले, रिपब्लिकन, शेकापवाले एका टेबलावर कप आपटून भांडायचे आणि चारच्या तासाला निघून जायचे. ते काही फार थोर होते अशातला भाग नाही. त्यांच्या नोकऱ्या पक्क्या होत्या.

त्यात आपल्याकडची एक खास अडचण. 2004 पर्यंत इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. मग सोलापूर विद्यापीठ झालं, एका जिल्ह्यापुरतं. जिल्ह्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं हे चांगलंच झालं. पण तुमच्या विषयाचे तज्ज्ञ म्हणून मुलाखतीला बसणारी माणसं बार्शीत, पंढरपुरात, सांगोल्यात, अक्कलकोटला फिरून फिरून तीच. एका ठिकाणी ‘बाई जरा वेगळ्या विचारांच्या आहेत’ असं कुणी चहा पिता पिता बोललं की ते तुमच्या आधी पुढच्या मुलाखतीला पोहोचतं. पुण्या-मुंबईत माणूस संस्था बदलून सुटतो.

आणि दुसरं, आपल्याकडे ‘विचार’ म्हणजे निम्म्या वेळा पॅनल असतं. संस्थेची निवडणूक, पतसंस्थेची निवडणूक, सिनेटची निवडणूक. एका पतसंस्थेतला क्लार्क माझ्याकडे आला होता. मालकवर्गाला तो ‘डाव्या विचारांचा’ वाटत होता. खोदून विचारल्यावर कळलं की त्याचा चुलता विरुद्ध पॅनलमधून उभा होता, बाकी या गड्यानं आयुष्यात एक मोर्चा पाहिला नव्हता. त्याची बदली झाली करमाळ्याला. तेव्हा 1971 च्या महाराष्ट्राच्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली आम्ही औद्योगिक न्यायालयात गेलो. त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत ‘धोरणाच्या नावाखाली आकसानं केलेली बदली’ ही स्वतंत्र नोंद आहे. तक्रार 90 दिवसांत करायची होती, तो ऐंशीव्या दिवशी आला. बदली थांबली, कारण त्याच्या आधीच्या सहा वर्षांत करमाळ्याला सोलापुरातून एकही क्लार्क गेलेला नव्हता. विचारांचा वाद आम्ही काढलाच नाही.

तुमच्या स्टाफरूममध्ये टेबलं भाषेवर पडलीत, असंही तुम्ही लिहिलंय. तेलुगू बोलणारे खिडकीशी, कन्नड बोलणारे कपाटाशी. हे जुनंच आहे, गिरण्यांपासूनचं, आणि त्यात एरवी वाईट काही नाही. पण वरून दाब आला की माणूस आपल्या टेबलाकडे सरकतो, आणि तुमच्यासारखी कुठल्याच टेबलाची नसलेली बाई उघडी पडते.

न्यायालयांनी काही केलंच नाही असं मात्र नाही, सरकारी नोकरीच्या बाबतीत तरी. दोन निकाल शेजारी ठेवून बघा. 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे रेल्वेचे काही कर्मचारी आले. कम्युनिस्ट हालचालींच्या कारणावरून सुरक्षेच्या नियमांखाली त्यांची सेवा संपवली होती. न्यायालय म्हणालं, संघटनेचं स्वातंत्र्य तुमच्याकडे आहेच, नोकरीचा हक्क त्यात येत नाही. कर्मचारी हरले. 1983 मध्ये मध्य प्रदेशातला एक शिक्षक आला. नगरपालिकेची शाळा सरकारनं ताब्यात घेतली, त्याला सेवेत घेतलं आणि मग पोलिसांच्या अहवालात तो पूर्वी संघ आणि जनसंघाच्या कामात होता असं आलं म्हणून 1974 मध्ये काढलं. न्यायालयानं सरकारला हरवलं. निकाल लिहिणारे होते न्या. ओ. चिनप्पा रेड्डी, ज्यांचा स्वतःचा कल डावीकडे असल्याचं अख्ख्या वकीलवर्गाला ठाऊक होतं. 1986 मध्ये केरळच्या तीन मुलांना शाळेत परत घ्यायला लावणारा निकालही त्यांचाच. ती मुलं राष्ट्रगीताला उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे गात नव्हती.

हे निकाल मी नव्या ज्युनियरला आवर्जून वाचायला देतो, त्यामागे एक कारण आहे. मी स्वतः ज्युनियर असताना आमच्या सिनियरची कचेरी युनियनवाल्यांची. भिंतीवर कोणाच्या तसबिरी होत्या ते सांगायला नको. तिथे एक पोरगा आला, ड्राफ्टिंग माझ्यापेक्षा सरस. महिन्याभरात कळलं की तो सकाळी शाखेत जातो. सिनियर काही बोलले नाहीत. मीच त्याला चांगल्या फाईली देणं बंद केलं. चहाला हाक मारणं बंद केलं. तो टेबलाशी आला की बोलणं थांबायचं. आठ महिन्यांत तो निघून गेला. मी एकही नियम मोडला नव्हता. त्यानं माझ्यावर दावा लावला असता तर मीही चष्मा वर करून विचारलंच असतं, कोणत्या कलमाखाली म्हणून.

तर आता कागद. ऑर्डरमध्ये कारण का नसतं? कारण लिहिलं की फसतात. “आपली संस्थाविरोधी वर्तणूक पाहता” असं लिहिलं की ती बदनामीकारक ऑर्डर ठरते, आणि चौकशी न करता अशी ऑर्डर काढली तर ती सहसा टिकत नाही. न्यायालयं यात हेतू आणि पाया असा फरक करतात. मनात आकस होता एवढ्यानं भागत नाही, ऑर्डरचा पायाच तो आरोप होता हे दाखवावं लागतं. म्हणून शहाणी संस्था कोरी ऑर्डर काढते आणि नंतर घाबरून मागच्या तारखेचे मेमो तयार करते. तिथेच सापडते.

एका माध्यमिक शाळेतल्या बाईंची केस सांगतो. संस्थेच्या सभेत 20 जूनला त्या उभं राहून बोलल्या. बोलल्या ते संस्थाचालकांच्या निष्ठांच्या विरुद्ध होतं, एवढं पुरे. जुलैत त्यांना काढलं. न्यायाधिकरणात संस्थेनं 14 जूनचा मेमो दाखल केला, ‘वर्गावर उशिरा येणे’. म्हणजे सभेच्या आधीपासूनच त्या कामचुकार होत्या, असं दाखवायचं. मी जावक रजिस्टर मागवलं. लांबट, निळ्या कापडी बांधणीचं. 411, 412, 413 सगळं निळ्या पेनानं, एकेका ओळीवर नीट. आणि 412 व 413 च्या मधल्या चिंचोळ्या फटीत काळ्या शाईनं कोंबलेली एक ओळ: 412-अ. मुख्याध्यापक पिंजऱ्यात उभे. “हा ‘अ’ का?” “नोंद करायची राहिली होती.” “या वर्षात आणखी किती ‘अ’ आहेत, बघून सांगा.” त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. आधी भराभर, मग हळू. दहा मिनिटं कोर्टात फक्त पानांचा आवाज. एकही ‘अ’ नव्हता. बाई निम्म्या मागील पगारासह परत कामावर गेल्या. निकालात विचारस्वातंत्र्यावर एक वाक्य नाही. त्या नंतर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “साहेब, सही रोज करते, पण डबा एकटीनंच खाते.” त्यावर माझ्याकडे अर्ज नव्हता.

तुम्हाला काय शोधायचंय? तीन गोष्टी. तुमचे सहा तास गेले ते कुणाला गेले, त्यांची पात्रता काय. विभागाचा मंजूर कार्यभार कमी झाला होता का. मुलाखतीत कुणाला किती गुण पडले आणि गुणपत्रकावर सह्या कुणाच्या. अनुदानित महाविद्यालय माहितीच्या अधिकारात येतं. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत, म्हणून तीन वेगळे अर्ज करा, प्रत्येकावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. “मला का काढलं” असं विचारू नका, ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर नाही. प्रती मागा. आणि आणखी एक, महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर नॅकचा, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी केलेला स्वयं-अध्ययन अहवाल असतो. त्यात अध्यापकांच्या यादीत, उपक्रमांच्या फोटोंत तुम्ही आहात का बघा आणि आजच डाउनलोड करून ठेवा. समिती आली तेव्हा ज्यांना मिरवलं त्यांनाच नंतर ‘कामाचा दर्जा समाधानकारक नव्हता’ म्हणणारी संस्था मी पाहिलीय.

व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट काढलात ते बरं, पण तो फोन विकू नका, बदलू नका, ग्रुपमधून बाहेर पडू नका. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं. प्राचार्यांचं ते वाक्य तोंडी आहे. त्यांना सौम्य शब्दांत पत्र पाठवा: “अमुक तारखेला आपल्या दालनात आपण मला असं सांगितलंत. माझ्या कामाबाबत काही त्रुटी असेल तर लेखी कळवावी.” उत्तर आलं तरी कागद, नाही आलं तरी कागद. शेवटी “आपली विश्वासू” लिहायला विसरू नका. रागावलेलं पत्र न्यायाधीशापुढे तुमच्याच विरुद्ध वाचलं जातं.

“जातीचा संबंध नाही” असं तुम्ही दोनदा लिहिलंय. दोनदा लिहिलं म्हणून विचारतो, खात्री आहे? विचारांच्या म्हणून आलेल्या फाईलींत जात खालून निघाल्याचं मी पुष्कळदा पाहिलंय. तसं असेल तर प्रसंगी 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. नसेल तर वजन वाढवायला म्हणून जात घुसवू नका. उलटतपासणीत एक खोटं सापडलं की खरंही जातं.

तुमच्या एम.ए.च्या विद्यार्थिनीचा शोधनिबंधाचा विषय नाकारला, त्याचं वेगळं बघावं लागेल. यूजीसीच्या 2023 च्या विनियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायलाच हवी, तिनं 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आणि वर लोकपाल. तिथेही ‘विचार’ नाही, पण ‘मूल्यमापनातला अन्याय’ आणि ‘अपारदर्शक पद्धत’ आहे. तिनं ते शब्द वापरावेत. आणि खरं सांगू, मार्गदर्शकानं “हा विषय आठ महिन्यांत झेपणार नाही” असं म्हटलं असेल तर तो त्यांचा सल्ला झाला. आपल्या मताशी कुणी वाद घातला, हसलं, विषय बदल म्हणालं, याला भेदभाव म्हणू लागलो तर खऱ्या फाईली त्याखाली गाडल्या जातील.

भावाचं. टीमच्या ग्रुपवर एका कार्यक्रमाची वर्गणी निघाली, त्यानं दिली नाही, त्यावर टोमणे झाले आणि वार्षिक मूल्यमापनात श्रेणी उतरली. खाजगी कंपनी, हातात फारसं काही नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात, जुन्या कायद्यांतल्या मुदती पाठ करून बसलेल्यांचं ऐकू नका, त्यानं पुण्यातच एखाद्या कामगार वकिलाकडून आपण ‘कामगार’ या व्याख्येत बसतो का तेवढं आधी तपासून घ्यावं. मागच्या तीन वर्षांचे मूल्यमापनाचे शेरे घरच्या ईमेलवर नव्हे, छापून ठेवावेत. कंपनीचा मजकूर बाहेर पाठवला हे कारण आयतं त्यांच्या हातात पडतं. मग एचआरला विचारावं की श्रेणी कोणत्या उद्दिष्टामुळे उतरली. वर्गणीचा उल्लेख दुसऱ्या पत्रात, पहिल्यात नाही. आणि दुसरी नोकरी शोधत राहावं. वकिलानं असं सांगू नये म्हणतात, पण तो अठ्ठावीस वर्षांचा आहे.

तुमच्या बाबतीत कुठे जायचं, तर दोन दारं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 खालची विद्यापीठाची तक्रार निवारण समिती, आणि सेवा संपवल्यास न्यायाधिकरणात अपील. अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून 30 दिवस. तासिकावाल्यांची सेवा ‘संपवली’ की ‘आपोआप संपली’, यावर समोरचे वाद घालणारच, आणि तुमच्या हातात लेखी आदेशच नाही, हा त्यांचा दुसरा मुद्दा. तरी यादी लागल्याची तारीख धरूनच दिवस मोजा. उच्च न्यायालयात रिटचा, म्हणजे थेट घटनेखालच्या याचिकेचा मार्ग आहे, अनुदानित महाविद्यालय चालवणाऱ्या न्यासाविरुद्धही रिट चालते हे 1989 पासून ठरलेलं आहे, पण तिथे आधी विचारतील की खालची दारं ठोठावली का.

अठरा दिवस गेले, बारा उरले. माहिती अधिकाराचं उत्तर यायला 30 दिवस लागू शकतात, म्हणजे ते येईपर्यंत अपील थांबवता येणार नाही. उद्या सकाळी आधी तीन अर्ज आणि प्राचार्यांना पत्र स्पीड पोस्टानं टाका, पावत्या एका वहीत चिकटवा. सूचनाफलकावरच्या यादीचा तारखेसह फोटो काढलाय का ते पत्रात लिहिलेलं नाही. काढला नसेल तर पोस्टातून तसंच कॉलेजला जा, यादी अजून लावलेली असेल.